आधी नमुना, मग कारखाना

घरात लग्नकार्य निघाले की कापड शिंप्याकडे जाते. चांगला शिंपी कापड हाती पडताच यंत्रावर बसत नाही. तो मापे घेतो, खडूने खुणा करतो, कापड बेततो आणि आधी कच्चा टाका घालतो. मग म्हणतो, "जरा अंगात घालून बघा." खांद्यात ओढते का, काखेत दाटते का, हात वर गेला तर काय होते, हे तो पाहतो. कच्चा टाका उसवायला दोन मिनिटे पुरतात. पक्की शिलाई उसवायची म्हणजे वेळही जातो आणि कापडही.

स्वयंपाकघरातली रीत वेगळी नाही. पापडाचे पीठ मळले की घरची जाणती बाई आधी एकच पापड लाटते, तळते आणि खार बरोबर पडला का ते पाहते. मगच पाच किलोंचा घाट घालते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

आता आपल्या गोठ्याकडे आणि औजारांच्या खोलीकडे बघा. पाठीवरचा फवारणी पंप, सायकल कोळपे, कडबा कापण्याचे यंत्र, मळणीयंत्र. या साऱ्या वस्तू कुणीतरी कुठेतरी बसून बेतल्या आहेत. त्यांना कच्चा टाका घातला होता का? कोळप्याचा दांडा ठरवताना तो कुणा बाईच्या हातात दिला होता का? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ज्या वस्तूचा कच्चा टाका कारखान्यात होत नाही, त्याचा कच्चा टाका तुमच्या शेतात होतो आणि त्याचे पैसे तुम्ही भरता.

वस्तू बेतणाऱ्या लोकांच्या धंद्यात या कच्च्या टाक्याला नमुना म्हणतात. नमुना कसा करावा, किती लवकर करावा आणि तो कुणी पारखावा, हे आता एक मोठे शास्त्र झाले आहे. ते समजून घ्यायला लांब जायला नको. गावच्या हापशापाशीच चला.

चारांतले तीन बंद

१९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर युनिसेफ या जागतिक संस्थेने कठीण खडक फोडणारी विंधनयंत्रे भारताला दिली. पुढे १९७२ च्या दुष्काळाने आपल्या महाराष्ट्रालाही घसा कोरडा पडणे म्हणजे काय ते दाखवले. गावोगाव बोअर घेतले गेले. आता त्यांच्यावर बसवायला हातपंप हवे होते.

त्या वेळी जे पंप मिळत, ते बिडाचे होते. अमेरिकेत आणि युरोपात एकेका शेतघराच्या अंगणात जसे पंप असत, त्यांचीच ती नक्कल होती. तिथे एक कुटुंब दिवसातून चारदोन बादल्या पाणी काढी. आपल्याकडे झुंजुमुंजू झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत पंपाला उसंत नसे. एक कळशी भरते न भरते तोच दुसरी बाई दांड्याला हात घाली. पोरे दांड्याला लोंबकळत ती निराळीच.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९७४ साली पाहणी झाली, तेव्हा दर चार पंपांपैकी सुमारे तीन बंद आढळले. बोअरला खर्च झाला होता, खाली पाणीही होते. पण वरचा पंप मुका, म्हणून बाई पुन्हा डोक्यावर हंडा घेऊन जुन्या झऱ्याच्या वाटेला लागली.

यात कुणी लबाडी केली होती असे नाही. चूक एवढीच की, एका घरासाठी बेतलेली वस्तू अख्ख्या गावासमोर उभी करताना तिची परीक्षा कुणी घेतली नाही. सदरा एका माणसाच्या मापाचा आणि घातला पाचशे जणांनी!

जालन्याचा आणि सोलापूरचा हापसा

या अडचणीवर पहिला उपाय मोठ्या शहरातल्या कचेरीत निघाला नाही. तो निघाला आपल्या जालन्याला आणि सोलापूरला. तिथे ख्रिस्ती मिशनची माणसे खेड्यांसाठी बोअर घेण्याचे काम करीत. पंप मोडला की दुरुस्तीला त्यांनाच जावे लागे. कुठला बोल्ट झिजतो, कुठे बीड तडकते, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी आपल्या साध्या कार्यशाळेत लोखंड कापून, जोडून, वेल्डिंग करून पंप बनवायला घेतला. एक करायचा, बसवायचा, मोडला की का मोडला ते बघायचे आणि पुढचा थोडा सुधारून करायचा. आधी जालना पंप झाला, त्यातून पुढे सोलापूर पंप झाला.

या खटपटीतून निघालेली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. जुन्या पंपात दांडा वरखाली झाला की त्याचे आतले टोक गोल कमानीत फिरे. पण बोअरमधली सळई तर सरळ वरखाली जायला हवी. कमान आणि सरळ रेघ यांची ओढाताण होऊन बोल्ट झिजत, सळई एका बाजूला घासे आणि शेवटी काहीतरी तुटे.

नव्या पंपात दांड्याच्या आतल्या टोकाला चाकाच्या पाव भागासारखी एक पाकळी बसवली आणि तिच्यावरून मजबूत साखळी खाली सोडली. विहिरीवरच्या रहाटाचा दोर आठवा. चाक फिरते गोल, पण दोर खाली उतरतो सरळ. तीच ही गोष्ट. बोल्टांच्या जागी बंदिस्त बॉल बेअरिंग आले. दांडा भरीव लोखंडी गजाचा केला. त्याच्या वजनाने आतल्या सळयांचे ओझे तोलले जाते आणि बाईच्या खांद्यावरचा भार हलका होतो.

एक गोम मात्र राहिली. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. सळई खाली जायची ती स्वतःच्या वजनाने. पाणी खोल असेल तर सळया लांब आणि जड, म्हणून काम छान चालते. पाणी अगदी वरच असेल तर सळया हलक्या पडतात आणि साखळी ढिली होऊन झटके देते. प्रत्येक बेताला अशी एखादी मर्यादा असतेच. नमुना चालवून पाहिला की ती लवकर कळते, एवढाच फरक.

लाखांत जाण्याआधी मोजक्यांत

पुढे केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी ठरवले की, देशभर एकच भरवशाचा हापसा असावा. सोलापूर पंपाचा बेत पायाला घेतला. तेव्हाच्या मद्रासमधील रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याने नमुने बनवले. लगेच लाखभर पंप काढायचा मोह कुणालाही झाला असता, कारण गरज तेवढीच तातडीची होती. पण आधी मोजकेच नमुने झाले आणि ते कोइंबतूरच्या भागात, पाणी खोल गेलेल्या बोअरवर, खऱ्या बायांच्या हाती दिले गेले.

त्या सगळ्या खटाटोपातून जो हापसा उभा राहिला, त्याचे नाव इंडिया मार्क दोन. त्याचे पाय काँक्रीटच्या ओट्यात पक्के रोवलेले असतात, म्हणजे पंप हलत नाही आणि सांडलेले घाण पाणी बोअरमध्ये उतरत नाही. १९७९ साली या हापशासाठी भारतीय मानक ठरले. त्याचा क्रमांक आयएस ९३०१. साखळी कशी, बेअरिंग कसे, गज किती जाड, हे सारे लिहून निघाले. म्हणून एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला. पुढे हा हापसा लाखोंच्या संख्येने बनला आणि आफ्रिकेतल्या गावांतही पोचला.

गोष्ट इथे संपली नाही. या हापशाचा खालचा वॉशर झिजला की बोअरमधले सगळे पाइप वर ओढावे लागत. त्याला गाडी, तिकाटणे आणि माणसांची टोळी हवी. टोळी येईपर्यंत गाव कोरडे. म्हणून १९८३ पासून पुन्हा कोइंबतूर भागातच नव्या चाचण्या सुरू झाल्या. चामड्याच्या वॉशरऐवजी चिवट रबराचे वॉशर वापरून पाहिले. पाइपच एवढा रुंद केला की पाइप जागेवर ठेवून आतला दट्ट्या सळयांबरोबर वर काढता येईल. हा मार्क तीन. यात गावातल्या गावात दुरुस्ती सोपी झाली. पण रुंद पाइप जड आणि महाग, म्हणून फार खोल बोअरला तो सोयीचा नाही. एक गाठ सोडवताना दुसरी बसते ती अशी.

तुमच्या वस्तीत आज नळ आले असतील, बोअरवर वीजपंप असेल. तरी कुठे जुना हापसा उभा असेल तर त्याची टोपी उघडतील तेव्हा आत डोकावून पाहा. ती पाकळी आणि ती साखळी दिसेल.

नमुना किती प्रकारचा?

नमुना म्हणजे लगेच लोखंड आणायचे, असे नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर हवे, त्याला पुरेल एवढाच नमुना करावा.

वस्तू जागेत मावते का, उंची बरोबर आहे का, एवढेच पाहायचे असेल तर पुठ्ठा पुरतो. मूठ हातात कशी बसते हे पाहायला ओली माती चांगली. आकार आणि सांधे पाहायचे तर लाकूड. कोल्हापूरच्या फौंड्रीत कुठलाही भाग ओतण्याआधी त्याच आकाराचा लाकडी पॅटर्न करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि मग त्यात रस ओततात. लाकडात झालेली चूक रंध्याने निघते. ओतीव बिडात झालेली चूक भट्टीतच परत जाते. आणि वस्तू खरोखर काम करते का, किती दिवस टिकते, हे पाहायचे तर चालता नमुनाच हवा. त्याला पर्याय नाही.

लहान प्रतिकृतीचाही मोठा उपयोग आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला पाणी व वीज संशोधनाचे केंद्र आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत धरणांच्या आणि सांडव्यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांच्यावरून पाणी सोडतात. पुराचे पाणी कुठे आदळेल, कुठे जमीन खरवडेल, हे धरण बांधण्याआधी पाहता येते.

पण लहान प्रतिकृती एका बाबतीत फसवते, तेवढे जपा. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर तिचे वजन दुप्पट होत नाही, आठपट होते. पण तिला पेलणाऱ्या लाकडाच्या किंवा लोखंडाच्या काटछेदाचे क्षेत्र चारपटच वाढते. म्हणून हातभर लांबीची खेळण्यातली गाडी भक्कम वाटली, तरी त्याच प्रमाणात केलेली मोठी गाडी ओझ्याखाली मोडू शकते. मजबुतीची परीक्षा पुऱ्या मापातच घ्यावी.

चकलीच्या सोऱ्यासारखे यंत्र

आता या कामात आलेल्या नव्या यंत्राविषयी. पूर्वी कारखान्यात नवा भाग बेतला की कागदावरचे चित्र कारागिराकडे जाई. तो लाकूड कोरून किंवा लेथवर धातू कातून नमुना करी. त्यात दिवस, कधी आठवडे जात. चूक निघाली की पुन्हा तेवढेच दिवस. त्यामुळे माणसे चूक दिसली तरी "चालेल" म्हणून पुढे रेटीत.

हा वेळ तोडण्याचा मार्ग निघाला तो थरावर थर चढवण्याच्या कल्पनेतून. जपानमध्ये नागोया येथे हिदेओ कोदामा यांनी १९८१ साली, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे थर एकावर एक चढवून वस्तू घडवण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत चक हल यांनी १९८३ साली असाच पहिला भाग बनवला आणि १९८६ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. १९८८ च्या सुमारास स्कॉट क्रम्प या अमेरिकन गृहस्थाला आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायचा होता. गोंद वितळवून सोडणारे पिस्तूल घेऊन त्यांनी थरांवर थर घातले. त्यातूनच आज सगळ्यात जास्त दिसणारी पद्धत निघाली.

ती समजायला आपल्या घरचा चकलीचा सोऱ्या पुरे. सोऱ्यात पीठ भरून दाबले की खालून सारखी तार निघते आणि हात फिरेल तशी चकली पडते. या यंत्रात पिठाऐवजी प्लॅस्टिकची तार असते. ती तापून पातळ होते आणि बारीक तोंडातून बाहेर पडते. हात फिरवायचे काम संगणक करतो. एक थर पडला की त्याच्यावर दुसरा, असे करत अख्खी वस्तू उभी राहते. याला त्रिमिती छपाई किंवा थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात. २००५ साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी अशा यंत्राचा बेत सर्वांना फुकट खुला करण्याचे काम सुरू केले. पुढे ही यंत्रे बरीच स्वस्त झाली.

लहानसा भाग सकाळी बेतला तर संध्याकाळी हातात. रात्री त्यात दोष दिसला तर उद्या दुसरा. याचा खरा फायदा यंत्राच्या नवलाईत नाही. चूक करणे स्वस्त झाले, म्हणून चूक कबूल करणे सोपे झाले, हा तो फायदा.

मात्र डोळे दिपू देऊ नका. लाकूड जसे रेषेच्या दिशेने सहज फाटते, तसा या छपाईचा भाग थरांच्या सांध्यात फुटतो. उन्हात तापलेल्या फवारणी पंपाला, मातीत घासणाऱ्या फणाला हे प्लॅस्टिक टिकेलच असे नाही. हा भाग आकार दाखवतो, बसतो की नाही ते सांगतो. तो तीन हंगाम टिकेल का, याचे उत्तर यंत्र देत नाही. ते शेतच देते.

पाबळची वाट

असे यंत्र शहरातच असते, असे समजू नका. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, हा त्यांचा आग्रह. शाळा सुटलेली खेड्यातली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजकाम, शेती शिकत आली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या अशा कार्यशाळांत पाबळचे नाव घेतले जाते. संगणकावर बेतायचे, यंत्रावर कापायचे वा छापायचे आणि बाहेर लगेच वापरून पाहायचे. दिल्ली-मुंबईच्या आधी ही सोय एका दुष्काळी पट्ट्यातल्या गावाला मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना यंत्र, ना संगणक. नसू द्या. तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कोळपे, टोकण यंत्र किंवा गोठ्याची गव्हाण करून घेताना पुढील गोष्टी करता येतील.

पहिली, लोखंड कापण्याआधी बांबू आणि पुठ्ठा यांचा नमुना बांधा. गव्हाणीची उंची ठरवायची तर फळ्या तारेने बांधून दोन दिवस जनावरांना त्यात वैरण घाला. वैरण बाहेर पडते की मान अडते, ते म्हैसच सांगेल.

दुसरी, जो वापरणार त्याच्याच हातात द्या. खुरपणी घरची बाई करते आणि खुरपे पसंत करतो बाप्या, हे बरे नाही. मुठीला ओल्या मातीचा लेप देऊन तिला आवळायला सांगा. तिची बोटे जिथे रुततील तोच मुठीचा आकार. दांड्याला वेगवेगळ्या उंचीवर भोके पाडा, दिवसभर काम करू द्या आणि संध्याकाळी कंबर कुठल्या भोकाला कमी दुखली ते विचारा. घरात सासूबाई आणि सून यांची उंची वेगळी असेल तर दोघींनाही विचारा.

तिसरी, एका वेळी एकच बदल करा. दांडाही बदलला, पातेही बदलले, तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

चौथी, मोडलेला भाग फेकू नका. कुठे मोडला, कशाने मोडला, ते वहीत लिहून ठेवा आणि बनवणाऱ्याला दाखवा. जालन्या-सोलापुरात शहाणपण आले ते मोडक्या पंपांकडे पाहूनच.

पाचवी, गावात पाच जणांना तेच औजार घ्यायचे असेल तर आधी एकच घ्या आणि हंगामभर फिरते ठेवा. काळी जमीन, मुरमाड जमीन, ओल आणि वाफसा, सगळीकडे चालवा. मग उरलेली चार घ्या.

आणि कुणी नवे औजार घेऊन दारात आला, रंगीत कागद दाखवू लागला, तर कागद बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारा. याचा नमुना कुणाच्या शेतात किती दिवस चालला? आणि चालवल्यावर यात काय बदलले? ज्याने खरोखर चालवून पाहिले आहे, त्याच्यापाशी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असतेच. "काहीच बदलावे लागले नाही" असे तो म्हणाला, तर कच्चा टाका अजून घालायचा आहे असे समजा, आणि तो आपल्या पैशाने घालू देऊ नका.